आडव्या रेषांचा जिराफ

मित्रांनो, मी एक जुना लाकडी जिराफ आहे. उंची वीतभर, लाकूड शिसवाचे, अंगावर आरपार कापलेले ठिपके. पाय चार आहेत, पण त्यांतले दोन सरसाने जोडलेले. पहिला पाय मोडला तो माझ्या आयुष्यातला सर्वांत वाईट दिवस होता आणि दुसरा मोडला तो सर्वांत चांगला. ऐकून हसू येईल, पण आधी सगळे ऐका.

जिने मला घडवले तिला मी आईच म्हणतो. घराच्या मागच्या खोलीत तिचे काम चाले. नमुन्याच्या कागदांवरून ती लाकडाचे प्राणी कापायची. तिची करवत म्हणजे लाकूडतोड्याची करवत नव्हे हं! शिवणयंत्रासारखी मेजावर बसवलेली, धाग्याएवढ्या बारीक पात्याची. पाते जागच्या जागी वरखाली नाचते, वळत मुळीच नाही. फळीच दोन्ही हातांनी हळूहळू वळवत न्यावी लागते. घाई केली की पाते तुटते, आणि ते कुणाच्या धाकाला भीक घालत नाही.

आईची एक शिस्त होती. मूळ नमुना ती कधीच लाकडाला चिकटवत नसे. त्याची नक्कल काढायची, ती फळीवर चिकटवायची आणि रेघेवरून कापत जायचे. प्रत्येक नमुन्यावर एक छोटा बाण असतो. लाकडाच्या रेषा कोणत्या दिशेने जायला हव्यात, ते तो बाण सांगतो. बारीक पाय, शेपट्या, शिंगे यांच्यातून रेषा उभ्या, म्हणजे लांबीच्या दिशेने, गेल्या तरच ती टिकतात.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आपल्या दवाखान्यासाठी प्राण्यांचा एक संच सांगितला होता. वाट बघणारी मुले रडू नयेत, म्हणून. हत्ती झाला, कासव झाले, माकडाची तर शेपटीसुद्धा झाली. राहिलो मी. शिल्लक होता शिसवाचा एक तुकडा, लांबीला आखूड आणि रुंदीला ऐसपैस. माझा नमुना त्यावर उभा मावेना. आईने कागद इकडून लावून पाहिला, तिकडून लावून पाहिला, आणि शेवटी आडवा चिकटवला. बाण भलतीकडेच बघू लागला.

"एवढ्याशाने काय होतंय!" आई पुटपुटली.

माझे ठिपके कापायला तिला फार वेळ लागला. प्रत्येक ठिपक्याला आधी गिरमिटाने भोक पाडायचे आणि सुईत दोरा ओवावा तसे पाते त्यातून ओवायचे. आईची मुलगी, म्हणजे माझी ताई, तेव्हा शाळेत जाणारी होती. ती जवळ बसून भुसा फुंकत होती. आईच्या हातांखाली हात ठेवून फळी कशी वळवायची, ते तिला येऊ लागले होते. तिचा हात हलका होता, मित्रांनो. आईच म्हणायची, "ही माझ्यापेक्षा बारीक काम करील बघा."

डॉक्टरीणबाई संच घ्यायला आल्या, तेव्हा ताई माझ्या पायावरून पॉलिश पेपर फिरवत होती. अगदी हलक्या हाताने, सांगितले होते तसेच. आणि कट्‌ असा आवाज झाला. माझा पुढचा पाय तिच्या बोटांत राहिला.

"मोडलास ना!" आई ओरडली. "हात आहेत का हातोडे? हिच्या हातात काही म्हणता काही टिकत नाही. चल, ऊठ इथून, परत मशीनजवळ दिसू नकोस!"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "असू द्या हो, लेकरू आहे." पण बोललेला शब्द थोडाच माघारी येतो? ताईने पाय मेजावर ठेवला, पॉलिश पेपरची घडी घातली आणि ती खोलीबाहेर गेली. पाहुण्यांसमोर ती रडलीही नाही. मला ओरडून सांगावेसे वाटत होते, की तिचे काही चुकले नाही. पण लाकडाला कुठले तोंड!

डॉक्टरीणबाई माझ्यावाचूनच संच घेऊन गेल्या. संध्याकाळी आई सरस घेऊन बसली. तिने तुटलेला पाय उजेडात धरला आणि तिचा हात थबकला. उभ्या रेषांचे लाकूड मोडले तर कुसळे निघतात. माझा पाय बिस्किटासारखा सरळ तुटला होता. आईने मला उलटेपालटे केले, बाकीचे तीन पाय पाहिले. मान जाड होती म्हणून वाचली होती, एवढेच. तिला सगळे कळले. ती उठून दारापर्यंत गेलीसुद्धा. बाहेर ताई अभ्यास करत होती. आई तशीच परत आली आणि पायाला सरस लावू लागली.

दुसऱ्या दिवशी तिने ताईसाठी नवी रंगपेटी आणली. सांगायचे होते ते मात्र सांगितले नाही. मला तिने सर्वांत वरच्या फळीवर ठेवले, तेही तोंड भिंतीकडे करून.

ताई पुन्हा मशीनला शिवली नाही. घरात तर तो विनोदच होऊन बसला. काका आले की म्हणायचे, "ताई आली रे, कपबशा आत ठेवा!" सगळे हसत. आईही हसायची, पण सर्वांच्या नंतर. भिंतीकडे तोंड असले तरी मला ऐकू यायचे. झाडताना आई फळीवरच्या इतर प्राण्यांवरून फडके फिरवायची आणि मला वगळायची.

वर्षे गेली. ताईचे स्वतःचे घर झाले, तिला छकुली झाली. एकदा आजीकडे आली असताना छकुली स्टुलावर चढली आणि तिने मला खाली काढले. ताई किंचाळली, "ठेव तो! माझ्या हातून मोडला होता तो. तुझे हातही माझ्यावरच गेलेत."

आई मेजाशी होती. तिने काम थांबवले. जुन्या लाकडाच्या तुकड्यातून दोन बारीक पट्ट्या कापल्या, एक उभ्या रेषांची, एक आडव्या रेषांची, आणि ताईपुढे धरल्या.

"मोड."

"माझ्या हातात कशाला देतेस?"

"मोड म्हणते ना."

पहिली पट्टी वाकली, पण तुटेना. दुसरी दोन बोटांतच मोडली.

"आता जिराफाचे पाय बघ."

ताईने मला खिडकीशी नेले. पायांवरून तिने नख फिरवले. मग म्हणाली, "आडव्या आहेत."

"मीच कागद आडवा लावला होता. फळी पुरत नव्हती. तू नाही मोडलास गं तो पाय. तो मोडणारच होता."

"तुला कधी कळलं हे?"

"त्याच संध्याकाळी."

"आणि आज सांगतेस? अगं आई, मी अजून चहाचा कप दोन्ही हातांनी धरते!"

"त्या डॉक्टरीणबाईंसमोर बोलून बसले होते. मग उद्या सांगू, उद्या सांगू करत..." आई मोडलेल्या पट्टीचे तुकडे गोळा करू लागली.

ताई छकुलीला घेऊन निघून गेली. बरेच दिवस फिरकली नाही. आई रोज मशीनसमोर बसायची आणि बटण न दाबताच उठायची. मला वाटे, मी जन्मालाच आलो नसतो तर बरे झाले असते.

शेवटी छकुलीच्या हट्टापायी ताई आली. छकुली मला जमिनीवर चालवत होती. चालवता चालवता पुन्हा कट्‌! माझा मागचा पाय गेला. छकुलीचा चेहरा पांढराफटक पडला. ताईच्या तोंडून शब्द निघणार, तोच पलीकडच्या स्वयंपाकघरातून आई मोठ्याने ओरडली, "माझं चुकलंय ते! माझं! तुझं नाही गं बाळा, आजीनं आडवं कापलंय!"

ओले हात घेऊन ती दारात आली. तिच्याकडे बघता बघता ताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले.

"एवढंच हवं होतं गं तेव्हा," ती म्हणाली. मग डोळे पुसून तिने विचारले, "सरस कुठे ठेवतेस हल्ली?"

आईचे हात आता वयाने थरथरू लागलेत. म्हणून माझा पाय ताईनेच जोडला. जोड कुठे आहे, ते शोधूनही सापडत नाही.

मित्रांनो, घरात काही मोडले, तर हातांना बोल लावण्याआधी लाकडाच्या रेषा बघा. आणि चूक आपली निघाली, तर ती त्याच संध्याकाळी सांगा. सरसाने पाय जुळतो, पण शब्द जुळायला फार वेळ लागतो. मी अजून त्याच वरच्या फळीवर असतो. छकुलीने मला तिथे परत ठेवले, तेव्हा माझे तोंड खोलीकडे केले. खाली ताई मशीनवर बसली आहे आणि नमुन्यावरचा बाण शोधते आहे.