पाचच लिही

“भियाजी, पिछले टायर में तो हवा ही नी थी! मैंने रस्ते में भरवा दी, एकदम टाइट,” टेम्पोवाल्या विष्णूनं मागचा फाळका खाली पाडत सांगितलं आणि शाबासकीची वाट बघत तो तिथंच उभा राहिला.

ज्ञानदीपनं टेम्पोतल्या आपल्या मोटारसायकलचा टायर अंगठ्यानं दाबून पाहिला. तसूभरही दबेना. मागून स्कूटरवर येताना विष्णूचा टेम्पो पंक्चरच्या दुकानापाशी थांबलेला त्याला दिसला होता. पण तेव्हा त्याला वाटलं, चहा पीत असेल बिचारा.

“काय झालं?” त्याच्या बायकोनं, मानसीनं, हेल्मेट काढत विचारलं.

“विष्णूनं हवा भरली.”

“मग चांगलंच केलं की त्यानं.”

आता हिला आणि त्याला कुणी सांगायचं? ट्रायल्सच्या मोटारसायकलचा टायर मुद्दामच मऊ ठेवतात, म्हणजे तो दगडाला धरून राहतो. टम्म फुगलेला टायर ओल्या दगडावरून साबणाच्या वडीसारखा निसटतो. या खेळात शर्यत नसतेच मुळी. खडक, नाले, चढउतार यांतून गोगलगायीच्या चालीनं जायचं आणि पाय जमिनीला लावायचा नाही, एवढंच. पाय एकदा टेकला की एक गुण, दोनदा टेकला की दोन, आणि त्याहून कितीही वेळा टेकला तरी तीन. मात्र गाडी थांबली किंवा पडली की सरळ पाच. ज्याचे गुण सर्वांत कमी, तो पहिला. विष्णूवर रागवायची सोय नव्हती. माणसानं चांगल्या मनानं केलेलं काम, त्याला काय बोलणार! ज्ञानदीप उकिडवा बसला आणि व्हॉल्व्हची पिन काडीनं दाबून अंदाजानं हवा सोडू लागला. हवा मोजायचं यंत्र घरी कपाटावर राहिलं होतं. नवशिक्याचं असंच असतं, शंभर गोष्टी आठवून घेतो आणि एकशेएकावी विसरतो.

सांवेर रोडवरून आत गेलं की गिट्टीची, म्हणजे खडीची, एक बंद पडलेली खदान लागते. तिथं आज इंदूरच्या हौशी पोरांनी स्पर्धा भरवली होती. पोरं म्हणजे पोरंच, बहुतेक विशी-पंचविशीची. ज्ञानदीपला त्रेपन्न संपून चोपन्नावं लागलं होतं. भाग घेणाऱ्यांत टक्कल असलेला तो एकटाच होता.

गाडी त्यानं मागच्या दिवाळीत घेतली, महूहून बदली होऊन चाललेल्या एका मेजरकडून. ती घरी आली त्या दिवशी मानसीनं तिच्याभोवती एक फेरी मारली, मग उलटी दुसरी मारली आणि विचारलं, “अहो, बसायचं कुठं हिच्यावर? सीट लावायला भूल गए क्या बनानेवाले?”

“हिच्यावर बसत नाहीत. उभं राहून चालवतात.”

“म्हणजे या वयात तुम्ही अशी गाडी आणली, जिच्यावर बायको तर सोडाच, तुम्हालाही जागा नाही?”

तेव्हापासून घरात मोटारसायकलचा दरबार सुरू झाला. बाथरूमच्या बादलीत एअर फिल्टर धुतला जाऊ लागला. तो वाळवून, त्याला तेल चोळून मग बसवायचा असतो, हे ज्ञानदीपला एकदा कोरडाच बसवून आणि मेकॅनिकच्या शिव्या खाऊन कळलं. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं ते माप म्हणून खोकल्याच्या औषधाचं झाकण कामी आलं, आणि ते झाकण परत बाटलीला लागलेलं पाहून मानसीनं बाटलीच फेकून दिली. पलासियाच्या विमा ऑफिसात साहेब एकदा केबिनमध्ये नाक वर करून हुंगत म्हणाले, “पेट्रोल की बू कहां से आ रही है?” बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क असलेल्या ज्ञानदीपनं दोन्ही हात हळूच टेबलाखाली घेतले. रोज पहाटे तो कॉलनीमागच्या कोरड्या नाल्यात जाई आणि तासभर पडून येई. चालवून येई असं म्हणवत नाही, कारण तो पडतच असे.

हे सगळं कशासाठी, ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. मानसीला न सांगताच कळलं होतं.

ज्ञानदीप राखीव जागेवर नोकरीला लागला. त्याची लाज त्याला कधी वाटली नाही. तो हक्क होता, आणि हक्काचं घेताना मान खाली घालायची नाही, हे फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्या वडिलांनी शिकवलं होतं. सलत होतं ते वेगळंच. प्रमोशनच्या परीक्षेत तो सगळ्यांत पहिला आला, राखीव-खुले सगळे धरून पहिला. त्यानं ऑफिसात पेढे वाटले. शेजारच्या टेबलावरच्या शामजींनी एक पेढा तोंडात टाकला, दुसरा उचलला आणि प्रेमानं म्हणाले, “होना ही था, ज्ञानदीपजी. आप लोगों का तो सरकार ध्यान रखती है.” त्यांना वाईट बोलायचं नव्हतं. हेच तर वाईट होतं. त्यानं स्वतः कमावलेलं काहीही लोकांच्या डोळ्यांत कुणीतरी दिलेलंच ठरे, आणि देणारे सगळे चांगुलपणानं हसत. दगड असं हसत नाही. त्याला पाडायचं असेल तर तो पाडतो आणि जाऊ द्यायचं असेल तर जाऊ देतो. चोपन्नाव्या वर्षी ज्ञानदीपला एकच हवं होतं, आपल्या नावापुढं असा एक आकडा की जो कुणी दिलेला नाही.

दुपारपर्यंत तसे आकडे बरेच जमले, पण ते सगळे मोठे होते. प्रत्येक टप्प्यापाशी एक पंच उभा असे आणि गाडी पडली की मूठ वर करी. मूठ म्हणजे पाच. ज्ञानदीपनं आज एवढ्या मुठी पाहिल्या की मोर्चातही दिसल्या नसत्या. एका टप्प्यात मात्र त्याला फक्त दोन गुण पडले, तेव्हा तो मानसीकडं बघून असा हसला की तिला लग्नातला फोटो आठवला.

शेवटचा टप्पा राहिला तोवर बाकी सगळ्यांचं आटोपलं होतं. जेवणाचे दाल-बाफले तयार झाले होते आणि तुपाचा वास खदानभर पसरला होता. हा टप्पा नाल्यातला. शेवाळलेले गोटे आणि त्यांच्या शेवटी कमरेएवढा खडक. त्या टप्प्यावर पंच होता जयेश. स्पर्धेचा सगळा खटाटोपही त्याचाच. तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, “काका, रहने द्या ना आता. खडक ओला आहे एकदम. मी तीन लिहून टाकतो.”

“चालवलं नाही तर तीन कसे?”

“अरे काका, कोण बघतंय? तीन लिहिले की तुम्ही आणि प्रणव बरोबरीत येता. नाहीतर लास्ट याल. या वयात तुम्ही आलात, वही बहुत है. आपल्याकडून एवढं तर करूच शकतो ना आम्ही.”

पोरगा मनाचा खरंच चांगला होता. सकाळी त्यानंच ज्ञानदीपला पाण्याची बाटली आणून दिली होती. पण ज्ञानदीपच्या तोंडात त्या दिवशीच्या पेढ्याची चव आली आणि कानशिलं तापली.

“जयेश, बाळा, तू शिट्टी वाजव.”

“काका—”

“पाय टेकवत टेकवत गेलो तर तीन माझे मीच घेईन. पडलो तर पाच. तू फक्त बघ आणि मोज.”

जयेशनं आधाराला म्हणून मानसीकडं पाहिलं. “काकू, तुम्ही तरी समजवा ना.”

मानसीनं पदर खोचला. “मी सत्तावीस वर्षं समजवतेय. तू वाजव शिट्टी.”

ज्ञानदीप नाल्यात उतरला. गुडघे वाकवलेले, एक बोट क्लचवर, नजर पुढच्या दगडावर. पहिल्या गोट्यावर चाक सरकलं, पाय टेकला. पुन्हा सरकलं, पुन्हा टेकला. मग त्यानं मोजणं सोडलं. टेकवत, ढकलत, पण न थांबता तो खडकापाशी आला. काठावरची पोरं आता बाफले विसरून ओरडत होती. त्यानं ॲक्सिलरेटर पिळला. पुढचं चाक खडकावर चढलं, मागचं चढू लागलं, अर्ध्यावर गेलं आणि तिथं फिरलं. टायरमध्ये हवा अजून जास्तच होती. गाडी आडवी झाली आणि तो तिच्याखाली. इंजिन बंद पडलं.

दोघं-तिघं धावले.

“हात लावू नका!” तो एवढ्या जोरात ओरडला की धावणारे पाण्यातच थांबले. “कुणी हात लावायचा नाही गाडीला!”

नडगीतून रक्त येत होतं. पाच गुण तर पडलेच होते, आता काही उरलं नव्हतं. तरी तो उठला. हँडल धरून त्यानं गाडी उचलली. ती पुन्हा कलंडली, त्यानं पुन्हा उचलली. किक मारली. सातआठ किका वाया गेल्या. मग गाडी सुरू झाली. त्यानं ती मागं घेतली, पुन्हा खडकावर घातली आणि या खेपेला दोन्ही पायांनी ढकलत, खरवडत, धापा टाकत वर नेली. टप्प्याच्या शेवटी रोवलेल्या दोन झेंड्यांमधून तो बाहेर पडला तेव्हा जयेशची मूठ केव्हाच खाली आली होती.

“काका, पार केलंत ना! पोहोचलात तर तीन—”

“मध्ये पडलो. पाचच लिही.”

जयेशनं त्याच्या डोळ्यांकडं पाहिलं आणि पाच लिहिले. ज्ञानदीपला इतकं बरं वाटलं की रडू येईल की काय, अशी त्याला भीती वाटली. म्हणून तो वाकून उगीच चेन तपासत बसला.

जेवणाआधी जयेश टेम्पोवर चढून निकाल वाचू लागला. पहिल्या नावाला टाळ्या पडल्या, दुसऱ्या-तिसऱ्याला शिट्ट्या. मग लोक ताटांकडं वळले. प्रणवचं नाव वाचून झाल्यावर जयेशनं कागदाची घडी केली. “चलो भिया लोग, बाफले ठंडे हो रहे हैं.”

“एक नाव राहिलं,” ज्ञानदीप खालून म्हणाला.

“काका, असू द्या ना. सगळ्यांना माहीत आहे.”

“वाच. पूर्ण वाच.”

ताटांचा आवाज कमी झाला. जयेशनं कागद पुन्हा उघडला, घसा साफ केला. “ज्ञानदीप किसन तायडे,” त्यानं वाचलं, पहिल्या आलेल्याचं वाचलं होतं त्याच आवाजात. “चोपन्न गुण. शेवटचा क्रमांक.”

“हजर,” ज्ञानदीपनं हात वर केला.

मग त्यानं दोन ताटं घेतली, एक मानसीच्या हातात दिलं आणि लंगडत जाऊन तो रांगेत उभा राहिला.