सायखेड्याच्या कुप्या

मी एक जुनी बर्फपेटी आहे. माझ्या पोटात बर्फाच्या चार पिशव्या, सहा कुप्या आणि एक तापमापक मावतो. बाहेर दोन कड्या होत्या. एक शाबूत आहे, दुसरीच्या जागी सुतळी आहे.

मित्रांनो, मला स्वस्थता ठाऊक नाही. बर्फ भरला की तो वितळू लागतो, आणि मग वाटेतला प्रत्येक थांबा मला टोचतो. नाशिक रोडजवळच्या एका प्रयोगशाळेत मी १९९१ साली आले. तेव्हा सगळे मला जपत. पुढे नव्या पेट्या आल्या. मी कपाटावर गेले. एका उन्हाळ्यात तर माझ्यात सरबताच्या बाटल्या थंड केल्या गेल्या.

१९९८ च्या जानेवारीत शुभांगी नावाच्या नव्या तंत्रज्ञ मुलीने मला उतरवून धुतले आणि सुतळी बांधली. आम्ही सायखेड्याला गोजराबाईंकडे गेलो. त्यांच्या डुकरिणीची दहापैकी चार पिले हगवणीने मेली होती. प्रतिजैविकांच्या सुया देऊन गुण येत नव्हता. आजार विषाणूचा निघाला तर सुया थांबवून पिलांना ऊब आणि मीठ-साखरेचे पाणी द्यायचे होते. सगळे निदानावर अडले होते.

शेड लख्ख होती. शुभांगीने ओल्या फरशीवरून विष्ठेचे सहा नमुने घेतले.

संशय रोटा विषाणूचा होता. त्याच्यात जनुकांचे अकरा तुकडे असतात. जेलच्या पातळ थरातून वीज सोडली की ते वेगवेगळ्या वेगाने सरकतात आणि रंगवल्यावर पट्टे दिसतात. आमच्या नमुन्यांत त्या दिवशी एकही पट्टा दिसला नाही.

ती मला घेऊन पुन्हा गेली. एक पिलू आणखी गेले होते.

“मावशी, परवा मी येण्याआधी काय केलं होतं?”

“धुतलं की सगळं, फिनेल टाकून. साहेब लोक येणार, त्यांना घाण दाखवायची का?”

“मी घाणच बघायला येते, मावशी.”

“मंग आधी सांगायचं ना, ताई. फुकट कंबर मोडली माझी.” मग हळूच त्यांनी विचारले, “ही पाच तरी ऱ्हातील का?”

शुभांगीने हातमोजे चढवले. या वेळी तिने प्रत्येक पिलाकडूनच थेट नमुना घेतला. बस पाऊण तास उशिरा आली. बर्फाचे पाणी होत होते. तिने माझे झाकण दोन्ही हातांनी दाबून धरले होते. पोहोचलो तेव्हा तापमापक सहा अंशांवर होता; आठपर्यंत चालते.

मित्रांनो, जुन्या वस्तूची कडी तुटली तर तिला निदान सुतळी बांधा. आणि तपासणीला कोणी आले तर आजार धुऊन ठेवू नका.

दुसऱ्या दिवशी सायखेड्याच्या एसटीडी बूथवर गोजराबाई फोनची वाट पाहत होत्या. इकडे शुभांगीने जेल दिव्यावर धरला. वरून खाली मोजले, मग खालून वर.

नमुने पाच. चारांत पट्टे दिसले, प्रत्येकी अकरा.