छत्रीवाल्याची भिंत

ताईबरोबर बाजारपेठेतून चालायचं म्हणजे डोक्याला ताप. दहा पावलं झाली की बाईसाहेब थांबल्याच. टपाल खात्यात छत्तीस वर्षं पत्रांची छाननी केली, निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, पण पेठेतले पत्ते काही डोक्यातून जात नाहीत. "चौदा नंबर, टोपीवाले," असं म्हणते आणि मोबाइलच्या दुकानाच्या उंबरठ्याकडे बोट दाखवते. खाली बघावं तर खरंच, रंगीत फरशीच्या तुकड्यांत जडवलेला अर्धा 'टो'. उरलेली टोपी सरकत्या दाराखाली गेलेली. "बावीस, खाटीक." तिथे आता केस कापतात, पण छताजवळचा लोखंडी दांडा आणि मटण टांगायचे सात आकडे अजून जागच्या जागी. गिऱ्हाइकांना वाटतं शोभेचे आहेत. एकतीस नंबरला घड्याळजी होता. त्याची पितळी अक्षरं कुणीतरी कधीच उपटून नेली, पण अक्षरांमागचा दगड धुरापासून वाचला, त्यामुळे काळ्या दगडावर पांढरं नाव अजून वाचता येतं. ताई त्याच्याकडे मान वर करून बघत राहते आणि मागचे लोक तिला धडकतात.

मी गिलाव्याचा माणूस. चाळीस वर्षं लोकांच्या भिंती झाकतोय. आमच्या धंद्यात जुनं दिसलं की बुजवायचं. "तू शोध, मी बुजवतो," असं मी तिला चिडवायचो. "गिलावा नाही करत तू, गुन्हा करतोस," असं ती म्हणायची. मग मी चिडायचो, मग ती चहा करायची.

पण ती काय शोधत होती ते मला माहीत होतं, आणि मी कितीही कावलो तरी तिला एकदाही "पुरे कर" म्हणालो नाही.

आमची आई गेली तेव्हा मी सहा महिन्यांचा होतो आणि ताई आठ वर्षांची. घरात आईचा एकही फोटो नाही. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. "रंगाऱ्याच्या घरात फोटो कशाला? काढीन की मी तिला, कधीही," असं म्हणायचे म्हणे. त्यांनी तिला एकदाच काढली, तीही परक्याच्या भिंतीवर. छत्रीवाल्याला आख्ख्या भिंतीभर छत्री घेतलेली बाई हवी होती, बाबांनी आपली बायको काढून दिली. ती गेल्यावर त्यांनी फक्त अक्षरं काढली. चेहऱ्याचं काम आलं की दुसऱ्याकडे पाठवायचे. आई कशी दिसायची, असं मी एकदा धीर करून विचारलं होतं. ते ब्रश धूत होते. पाणी स्वच्छ यायला लागलं तरी धूतच राहिले. परत नाही विचारलं मी.

लहानपणी मी आरशासमोर उभा राहून माझ्या तोंडातून बाबा वजा करून बघायचो. नाक त्यांचं, कपाळ त्यांचं, कान तर पक्के त्यांचे. जे उरेल ते आईचं. हिशेब कधी जमला नाही. आज अठ्ठावन्नावं चालू आहे, दाढी करताना अजूनही एखादे दिवशी हात थांबतो. हे मी ताईलाही कधी सांगितलेलं नाही.

छत्रीवाल्याचा नंबर मात्र ताईला ठाऊक नव्हता. ती नोकरीला लागायच्या आधीच ते दुकान उठलं होतं, त्याला कधी पत्रच आलं नाही. भिंत मोठी होती, लाल छत्री होती, शेजारी मोकळी जागा होती, एवढंच तिला आठवायचं. पेठेत मोकळी जागा उरलीय कुठे? बोटभर फटीतसुद्धा लोकांनी दुकानं घातलीत.

गेल्या महिन्यात लॉन्ड्रीशेजारची कापडवाल्यांची इमारत पाडली. लॉन्ड्रीची बाजूची भिंत साठेक वर्षांनी उघडी पडली आणि लगेच आत ओल यायला लागली. लॉन्ड्रीवाली माझ्याकडे आली. बाई कामाची, बोलायला फटकळ. "इस्त्री केलेल्या चादरींना वास मारतोय. तुमचं ते आज-उद्या मला चालणार नाही," म्हणाली. भिंत बघितली. तीन मजली, वरपासून खालपर्यंत काजळी, धूळ, चुन्याचे पोपडे. जुनी इमारत तिला अगदी खेटून होती ना. दिसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

ताईला मी या कामाबद्दल बोललो नाही. बोललो असतो तर तिने आठ दिवस भिंतीला हात लावू दिला नसता. आता वाटतं, आठ दिवसांनी कुणाचं काय बिघडलं असतं?

आमच्या कामाचा नियम साधा आहे. आधी भिंत टाचायची, मग झाडायची, मग भिजवायची. छिन्नीने टाचे मारले नाहीत तर माल भिंतीला धरत नाही, आणि भिंत कोरडी राहिली तर मालातलं पाणी पिऊन टाकते. पहिल्या दिवशी परांचीचा खालचाच टप्पा बांधून झाला होता. तेवढ्यात हात पोचेल ती सगळी भिंत मी टाचून काढली. काम झकास झालं, चार-चार बोटांवर एक घाव. फक्त ती काजळी नाकातोंडात गेली आणि मी घरी जाऊन खोकून खोकून बेजार झालो. म्हणून दुसऱ्या दिवशी वैतागून नियम मोडला. वरची भिंत आधी धुऊन घेऊ, मग टाचू, असं म्हटलं आणि पाण्याची नळी घेऊन वर चढलो.

काळं पाणी खाली वाहायला लागलं. विटांवर कुठे पांढुरकं दिसलं, कुठे तांबडं. भिंतीपासून हातभर अंतरावर उभा होतो मी, मला काय कळणार? जुना रंग असेल म्हटलं आणि पुढे सरकलो.

तेवढ्यात रस्त्यापलीकडून ओळखीची हाक आली. "खाली ये!"

आली! रोजच्या फेरीला निघाली असणार, म्हटलं, आता कामाचं वाटोळं. "नंतर बोलू गं!" मी वरूनच ओरडलो.

"आधी खाली ये!"

आवाज काहीतरी वेगळा होता. ताई असं कधी ओरडत नाही, ती टोमणे मारते. मी नळी बांधून खाली उतरलो, गाड्या चुकवत रस्ता ओलांडला. भांडायच्या तयारीनेच तिच्यापाशी पोचलो आणि मागे वळलो.

भिंतीवर माणसाएवढाली अक्षरं उभी होती. 'छत्र्या शिवून व दुरुस्त करून मिळतील.' अक्षरांखाली लाल छत्री, आठही काड्या मोजता येतील अशी. छत्रीखाली केसांचा मधला भांग, रुंद कपाळ आणि दोन डोळे. प्रत्येक डोळा लॉन्ड्रीच्या खिडकीएवढा. जरा बारीक केलेले, ऊन लागत असल्यासारखे, आणि सरळ आमच्याकडे बघणारे.

खोटं कशाला सांगू, मी ताईचा खांदा धरला. अठ्ठावन्न वर्षं ज्या बाईचं एक बोटसुद्धा पाहिलं नव्हतं, ती दीड मजला उंच होऊन भर बाजारात उभी होती. खालून माणसं पिशव्या घेऊन चालली होती, एक जण वर न बघता तिच्या केसांखालून गेला. आपला देव आपल्या दारात उभा राहावा आणि शेजाऱ्याला दिसू नये, तसं वाटलं मला.

मग नजर खाली गेली.

नाकाच्या शेंड्याखाली आई संपत होती. तिथून खाली माझे टाचे. चार-चार बोटांवर एक घाव, झकास काम. ओठ नाहीत, हनुवटी नाही, गळा नाही. एक दिवस आधी, माझ्या हाताने. मी मटकन फुटपाथच्या कडेला बसलो.

"ताई, मी फोडली गं," मी म्हणालो. "मला बोल. काय हवं ते बोल."

ऊन चढत होतं, भिंत वाळत होती आणि डोळे फिके पडत चालले होते. "पाणी मार," एवढंच ताई म्हणाली. मी पळत गेलो, वर चढलो, पाणी मारलं, परत आलो. आई परत आली होती. असं तीनदा केलं. लॉन्ड्रीवाली काय गोंधळ चाललाय बघायला बाहेर आली, आमच्या शेजारी उभी राहिली, वर बघितलं, आणि पदराला हात पुसत राहिली. "अगं बाई, ही माझ्या घरात होती?" तिने हळूच विचारलं. नंतर आत गेली आणि ताईसाठी खुर्ची घेऊन आली.

ताई खुर्चीत बसली, मी तिच्या पायाशी बसलो, आणि मग ती बोलायला लागली. "तुला एक सांगायचं राहिलंय. मी तिचे डोळे विसरले होते. केव्हा विसरले तेही कळलं नाही. तू विचारशील आणि मला सांगता येणार नाही, या भीतीने हिंडत होते रे मी."

"आणि खालचं? तेच तर गेलं."

"खालचं कुठे गेलंय?" ती म्हणाली. "शिवताना ती सुई ओठांत धरायची. गिळेल म्हणून मी सारखी तिच्या तोंडाकडेच बघायची. इतर काही बघितलंच नाही मी! ऊठ. तुझ्याकडे माल आहे ना?"

"आहे."

"मग थाप. मी सांगते."

"मला चित्र येत नाही, ताई. मी बाबा नाही."

"बाबा कोण म्हणतंय तुला? गिलावा येतो ना? ऊठ म्हटलं ना!"

वरचं बिनरंगी लेप देऊन सांभाळता येईल, हे मला माहीत होतं. खालच्या भिंतीला गिलावा लागणारच होता. लॉन्ड्रीवालीकडे बघितलं तर ती म्हणाली, "माझ्याकडे काय बघता? ओल थांबली म्हणजे झालं."

मी माल कालवला, टाचलेली भिंत भिजवली आणि पहिला हात दिला. मग छोटी थापी घेऊन आईच्या नाकाखाली उभा राहिलो. जवळून काहीच दिसत नव्हतं, नुसती ओली राखाडी भिंत. ताई रस्त्यापलीकडून ओरडायची, गाडीच्या आवाजात तिचं ऐकू नाही आलं की लॉन्ड्रीवाली मधे उभी राहून तेच मला सांगायची.

"डावा कोपरा वर! जास्त नको. ती हसण्याआधीच तो वर जायचा."

"खालचा ओठ जाड!"

"अजून जाड! हां. आता मधे दाब."

"हनुवटी छोटी कर. छोटी रे, तुझ्यासारखी!"

तिथे माझा हात थांबला. थापी खाली ठेवली, आणि मालाने भरलेल्या बोटांनी मी माझी हनुवटी चाचपली. मग त्याच बोटांनी भिंतीवर तिची केली. यासाठी मला कुणी सांगायची गरज नव्हती.

"बास!" ताई ओरडली. "हात काढ! आता काही करू नकोस!"

मी शेवटचं एकदा वर पाणी मारलं आणि उतरलो. ताई खुर्चीतून उठून उभी होती. मी रस्ता ओलांडून तिच्याजवळ गेलो, पण मागे वळायचा धीर होईना. तिनेच माझे दोन्ही खांदे धरले, लहानपणी शाळेत सोडताना धरायची तसे, आणि मला भिंतीकडे वळवलं.

आई आमच्याकडे बघत होती. आख्खी. हसायच्या बेतात होती.

मला वाटलं ताई मला काहीतरी म्हणेल. पण तिने माझ्या पाठीवर हात ठेवून मला जरासं पुढे सरकवलं आणि भिंतीकडे बघत म्हणाली, "हा बघ गं. एवढा केलाय मी."