हातोड्याखालची हिरवी गोळी

रविवारी सकाळी भाविका चहा न घेताच अंगणात हजर झाली. हातात चामड्याचे मोजे, डोळ्यांवर धनेशकाकाचा जाड चष्मा. तेरा वर्षांत पहिल्यांदाच ती शिसं ओतणार होती.

तिचा आजा महादेव खाडीत पाग टाकायचा. पाग म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं. त्याच्या काठाला शिशाच्या गोळ्या असतात आणि फेकताना तो काठ दातांत धरावा लागतो. शिसं विषारी असतं हे शाळेत कळल्यापासून भाविकाला ते बघवेना.

"पन्नास वर्सं धरतोय. मेलो काय?" आजा म्हणाला होता.

"दात किती उरलेत ते मोज."

काकाच्या पनवेलच्या कारखान्यात खिडक्यांच्या ग्रिलला रंगाची पावडर लावून भट्टीत भाजतात. तशीच गोळ्यांना लावायची, असं तिने ठरवलं. आजा हसला. "रंग खाऱ्या पान्यात टिकत नाय. माझ्या हातोड्याखाली एका गोळीचा रंग टिकला, तर सगळ्या पागाला लावीन."

जुन्या गोळ्या खडबडीत झाल्या होत्या. त्या वितळवून नव्या ओतायच्या होत्या. वारा पाठीशी घेऊन आज्याने शेगडी पेटवली. भाविकाने लोखंडी साचा धुऊन लखलखीत करून आणला होता. आज्याने तो शांतपणे काढून घेतला.

"थेंबभर पानी आत राहिलं, तर शिसं उडून तोंडावर येतं. साचा धुवायचा नाय, तापवायचा."

साचा कोरडा झाला, पण पुरता तापेपर्यंत तिला धीर कुठला? पहिल्या गोळ्या म्हातारीच्या गालासारख्या सुरकुतलेल्या निघाल्या. तिचा चेहरा पडला.

"टाक परत भांड्यात. चुकलं तरी वाया काय जात नाय, हीच तर मजा हाय."

आठवी गोळी गुळगुळीत, चांदीसारखी चमकत बाहेर पडली. मग भाविका थांबेना. साबणाने हात धुतल्याशिवाय मात्र आज्याने तिला भाकरीला हात लावू दिला नाही.

दुपारी आज्याला सोबत घेऊन कारखान्यात तिने गोळ्या आणि हिरवी पावडर प्लास्टिकच्या डब्यात घालून हात भरून येईपर्यंत हलवल्या. दोरा ओवायची भोकं पावडरीने बुजली, तेव्हा खराट्याची हीर घेऊन एकेक मोकळं केलं. काकाने ट्रे भट्टीत सरकवला. दोनशे डिग्री, वीस मिनिटं. ती भट्टीसमोरून हलली नाही.

गार झालेली एक गोळी आज्याने ऐरणीवर ठेवली. पहिल्या घावाला गोळी चपटी झाली, दुसऱ्याला पापडी. आज्याने ती उजेडात धरली, नखाने खरवडली. रंगाचा एक टवकाही निघाला नाही.

ट्रेमधली एक अख्खी गोळी उचलून त्याने उरलेल्या दातांत धरली.

"चव नाय," तो म्हणाला.

"कसली?"

"शिशाची. पन्नास वर्सांत पयल्यांदा." त्याने गोळी तिच्या तळहातावर ठेवली. "दोरा आण. भरतीला दोन तास हायत."