ओळ धरणारी पट्टी

मित्रांनो, तुमच्या दप्तरात माझे एखादे भावंड नक्की असेल. मी एक जुनी लाकडी फूटपट्टी आहे. पण माझ्याकडून माप घ्यायला जाऊ नका, फसाल. माझ्या अंगावरचे आकडे तिरके छापले गेले आहेत. चारच्या पुढे ते जे घसरतात, ते शेवटपर्यंत सावरत नाहीत.

कारखान्यात छापण्याचे यंत्र जरा हलले आणि माझ्या वाट्याला हे आले. माझ्या गठ्ठ्यातल्या बाकीच्या पट्ट्या शाळांत गेल्या. मी मात्र दुकानातल्या एका डब्यात उभी राहिले. दुकानदार अधूनमधून मला घेऊन पाठ खाजवत असे. तेवढाच काय तो माझा उपयोग.

एक दिवस एक बाई आल्या. त्यांनी मला उचलले, बोट फिरवून कड सरळ आहे का ते पाहिले.

दुकानदार म्हणाला, "बाई, ती नका घेऊ. तिचे आकडे चुकलेत."

"मला कुठे काय मापायचंय? मला ओळ धरायचीय."

घरी पोचल्यावर त्यांचे यजमान मला पाहून मोठ्याने हसले. "वा! चुका शोधायला चुकीचीच पट्टी आणलीस!"

बाईंचे काम तेच होते, छापण्याआधी मजकुरातल्या चुका शोधून दुरुस्त करण्याचे. यजमान बसमध्ये कंडक्टर होते आणि निवृत्त झाले होते. आवाज मात्र निवृत्त झाला नव्हता.

बाईंकडे एका लहानशा कंपनीचे काम येई. ही कंपनी कुलूप लावणारे सॉफ्टवेअर बनवत असे. समजा, तुम्ही मैत्रिणीला पत्र पाठवले. हे सॉफ्टवेअर त्यातल्या अक्षरांची अशी सरमिसळ करते, की मधल्या कोणालाही ते वाचता येत नाही. ज्याच्याकडे चावी असेल त्यालाच ते पुन्हा नीट दिसते. ही चावी लोखंडाची नसते, अक्षरांची आणि आकड्यांची लांबलचक माळ असते. हे सगळे कसे वापरायचे ते सांगणारी एक जाड पुस्तिका असे. सॉफ्टवेअर बदलले की पुस्तिकाही बदले आणि तिचे कागद बाईंच्या टेबलावर येत. लिहिणारे हुशार होते, पण कायम घाईत. कुठे वेलांटी सुटलेली असे, कुठे एकच शब्द एका पानात तीन तऱ्हांनी लिहिलेला असे.

बाईंचे पहिले वाचन उलटे चाले. त्या मला पानाच्या शेवटच्या ओळीखाली ठेवत आणि एकेक ओळ वर चढत जात. कंडक्टरांनी कारण विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "सरळ वाचलं की डोळे अर्थामागे पळतात. समोरची चूक मन परस्पर सुधारून घेतं आणि आपल्याला पत्ताच लागत नाही."

बाईंच्या पेन्सिलीच्या खुणा पाहून कंपनीत दुरुस्त्या होत आणि नवे कागद छापून येत. मग दुसरे वाचन. त्याला दोन माणसे लागत. खिडकीजवळच्या टेबलाशी दोघे समोरासमोर बसत. कंडक्टर जुने कागद हातात घेऊन मोठ्याने वाचत, तेही विरामचिन्हांसकट. बाई नव्या कागदांवर मला ओळीखालून सरकवत आणि दोन्ही सारखे आहे का ते पाहत.

"चावी तयार झाल्यावर, स्वल्पविराम, ती सुरक्षित जागी ठेवा, पूर्णविराम!"

"अहो, हळू. कोणी उतरायचं राहिलंय का?"

"सवय गं. पण तू एकदा तपासलंस ना? मग हे कशाला पुन्हा?"

"एका माणसाच्या नजरेतून काहीतरी सुटतंच. माझ्याही."

"ते खरं. कुलपांची पुस्तकं तपासतेस आणि घराची किल्ली रोज शोधत बसतेस."

"दुसरी तुमच्याजवळ असते ना? मग मी कशाला जपू?"

अशी आमची कितीतरी वर्षे गेली. माझी कड त्यांच्या बोटांनी गुळगुळीत झाली. मापाची पट्टी म्हणून मी वाया गेले होते, पण त्या टेबलावर मला कोणी कधी वाईट म्हटले नाही.

मग बाई आजारी पडल्या. शेवटच्या पुस्तिकेचे पहिले वाचन त्यांनी पलंगावर बसून, मांडीवर उशी घेऊन केले. पेन्सिलीच्या खुणा पुसट उमटत होत्या. नवे कागद आले, तशा त्या हट्टाने टेबलाशी येऊन बसल्या. दुसरे वाचन सुरू झाले. शेवटचे प्रकरण तेवढे उरले, तेव्हा बाईंनी मला त्याच्या पहिल्या ओळीखाली ठेवले.

"आज इथवर पुरे. पट्टी इथेच राहू दे. म्हणजे उद्या शोधायला नको."

दुसऱ्या दिवशी त्यांना दवाखान्यात न्यावे लागले. तिथून कंडक्टर एकटेच परत आले.

मित्रांनो, त्यानंतर मी त्याच ओळीखाली पडून राहिले. खिडकीतून ऊन येई, माझ्यावर आणि कागदांवर पडे. कंडक्टर स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच जेवत. टेबलाशी दोन खुर्च्या होत्या, पण ते एकीवरही बसत नसत. एकदा त्यांनी फडके आणून टेबल पुसले. माझ्याभोवती पुसले. मला हलवले नाही. मला वाटले, आता कधीतरी आपण या कागदांसकट रद्दीत जाणार.

एका सकाळी दारावरची बेल वाजली. ती कंपनी चालवणारी प्रोग्रॅमर बाई आली होती. ती या दोघांना काका-काकू म्हणत असे. काकू गेल्या तेव्हा येऊन गेली होती. आज कागद न्यायला आली होती.

"काका, मी फक्त एवढं उचलते. तुम्ही त्रास घेऊ नका."

"दुसरं वाचन व्हायचंय अजून. शेवटचं प्रकरण."

"ते यंत्राकडून तपासून घेतलंय, काका. एकही शब्द चुकलेला नाही. उद्या पुस्तिका लोकांकडे जायची आहे."

"असेल. पण तिने इथे पट्टी ठेवलीय. म्हणजे पुढचं राहिलंय."

"तुम्हाला त्रास होईल म्हणून म्हणतेय."

"त्रास व्हायचा तो होतोच आहे. बसा तिकडे."

त्यांनी बाईंची खुर्ची ओढून दिली. प्रोग्रॅमर पिशवी खाली ठेवून बसली.

"मी काय करायचं?"

"मी जुनं वाचतो. तुम्ही नव्यावर पट्टी सरकवा. मी बोललो ते तिथे दिसलं तर पुढे जायचं. नाही दिसलं तर मला थांबवायचं. भीड धरायची नाही. ती तर खेकसायची माझ्यावर."

प्रोग्रॅमरने मला उचलले. उन्हाने कागद पिवळा पडला होता आणि माझ्या खाली माझ्याच लांबीची एक पांढरी पट्टी राहिली होती. दोघांनीही ती पाहिली. मग तिने मला अलगद पुन्हा तिथेच ठेवले.

कंडक्टर पहिल्या शब्दावरच अडकले. पाणी पिऊन त्यांनी पुन्हा सुरुवात केली. पहिली काही वाक्ये कशीबशी गेली, मग जुनी लय सापडली.

"इथे तिने वेलांटी दिलीय. बारीक आहे. तिकडे दिसते?"

"दिसते, काका."

प्रकरण चावी हरवण्याबद्दल होते. कंडक्टर वाचत होते, "चावी हरवल्यास मजकूर परत मिळत नाही, पूर्णविराम. आमच्याकडेही दुसरी चावी नसते…"

ते थांबले. खिडकीबाहेर पाहू लागले. प्रोग्रॅमरने मला पुढे सरकवले नाही. मी त्या ओळीखाली तशीच थांबले.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "पूर्णविराम." आणि पुढे वाचू लागले. "म्हणून कुलूप लावण्याआधी, स्वल्पविराम, चावीची एक प्रत विश्वासातल्या माणसाजवळ ठेवा, पूर्णविराम. त्यानंतर…"

"काका, थांबा."

"काय झालं?"

"ही ओळ इथे नाही."

"नाही कशी? मी वाचतोय ना! तिने तर इथे खूणही केलीय."

प्रोग्रॅमरने मला एक ओळ वर नेले, एक ओळ खाली आणले. ओळ खरोखरच नव्हती. कंपनीत दुरुस्त्या करताना ती अख्खीच्या अख्खी गळली होती. उरलेले सगळे शब्द बिनचूक होते, म्हणून यंत्राची काही तक्रार नव्हती. बाई असत्या आणि त्यांनी हा नवा कागद एकटीने खालून वर तपासला असता, तर त्यांनाही ती सापडली नसती. गळलेले सापडायला कोणीतरी समोर बसून वाचावेच लागते.

प्रोग्रॅमरचा चेहरा उतरला. "लोकांनी आपल्या फोटोंना, घराच्या कागदांना कुलूप लावलं असतं. आणि चावी एकाचजवळ. हरवली की सगळं गेलं असतं."

कंडक्टर म्हणाले, "तिला सांगायला हवं होतं. एवढी मोठी चूक सापडली असती तर दिवसभर गुणगुणत फिरली असती."

त्यांनी बाईंची पेन्सिल घेतली. त्या घरात मजकुरावर खूण करण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. त्यांनी मला नव्या कागदाच्या समासात आडवे धरले आणि माझ्या कडेवर ती ओळ लिहून काढली. अक्षर धावत्या बसमधलेच होते, पण ओळ सरळ आली.

प्रकरण संपले. प्रोग्रॅमर कागद गोळा करून उठली. दारापर्यंत गेली, तेव्हा कंडक्टरांनी तिला थांबवले. खुंटीवर दोन किल्ल्या होत्या. त्यातली एक काढून त्यांनी तिच्या हातात ठेवली.

"ही घराची. तिची होती. तुमच्याजवळ असू दे."

"माझ्याजवळ? काका, मी कशाला…"

"पुस्तकात लिहिलंय ना तसं? आत्ताच तर वाचलं आपण."

तिने ती किल्ली आपल्या जुडग्यात अडकवली. मग म्हणाली, "पुढच्या पुस्तिकेचे कागद महिन्याभरात येतील. पहिलं वाचन दुसरं कोणी करेल. दुसऱ्याला मी येईन."

"या. पण वेळेवर या. बस थांबत नाही."

आता त्या टेबलाशी दोन्ही खुर्च्या पुन्हा वापरात आहेत. मी उन्हात पडून नसते, पेन्सिलीजवळ असते.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. आम्हा पट्ट्यांच्या तलवारी करू नका, आमची कड तुटते. तुम्ही लिहिलेले कितीही बरोबर वाटले तरी ते कोणाला तरी समोर बसवून वाचून दाखवा. आणि कोणी तुम्हाला वाचून दाखवत असेल, आणि वाचता वाचता त्याचा आवाज मध्येच थांबला, तर घाई करू नका. पट्टी त्याच ओळीखाली धरून ठेवा.