शीड कुणी शिवायचं?

लखू गावड्याचं घर पाण्याच्या एका काठाला राहिलं आणि शेत दुसऱ्या काठाला गेलं. सुप्याचं धरण भरलं तेव्हा पाणी त्याच्या अंगणापासून हाकेच्या अंतरावर येऊन थांबलं, पण मधली दरी, तिच्यातली पायवाट आणि गावदेवाचं देऊळ सगळं पोटात घालून. पूर्वी बायकोशी भांडून लखू पंधरा मिनिटांत शेतावर पोचायचा. आता वळसा घालून जायचं तर आधी कुंभारवाड्याला बसची वाट बघायची. ती आली तरी पोचेपर्यंत दुपार, आणि तोवर भांडण कशावरून झालं होतं तेही डोक्यातून जायचं.

म्हणून त्यानं कारवारहून एक जुनी होडी आणली. लॉरीवर घालून अणशीचा घाट चढवला. होडीबरोबर डोलकाठी आली, शीड बांधायची आडवी काठी आली, पण शीड उंदरांनी खाल्लेलं निघालं. चार वर्षं लखूनं नुसती वल्ही मारली. रोज दुपारी पश्चिमेकडून झकास वारा सुटायचा आणि लखू त्याच वाऱ्यात घाम गाळत बसायचा. खांदे इतके धरले की सदरा घालायलाही सुंदरीची, म्हणजे बायकोची, मदत लागायला लागली.

"अवो, शीड शिवून घ्या की," एकदा सदऱ्याच्या बाहीत त्याचा हात कोंबताना सुंदरी म्हणाली. "वारा तुमच्या नाकावरनं जातोय आन् तुम्ही वल्ही मारताय."

ब्याण्णव सालची होळी झाली आणि लखू कारवारला गेला. होडी विकणाऱ्यानं शीड शिवणाऱ्याचं नाव सांगितलं होतं, कान्हू खारवी. बंदरामागच्या गल्लीत घर सापडलं. ओसरीवर पन्नाशीची एक बाई जाड कापडाचा ढीग मांडीवर घेऊन बसली होती. हाताच्या तळव्याला चामड्याचा पट्टा, दातांत दोरा.

"कान्हू खारवी हायत का?" लखूनं विचारलं.

"हायत की. भिंतीवर." बाईनं मान न वळवता सांगितलं. आत भिंतीवर हार घातलेला फोटो होता. "तीन वर्षं झाली. मी त्यांची मुलगी, यमुना. शीड पाहिजे?"

"मग आता शिवतंय कोण?"

"मीच. बाबा होता तेव्हाही मीच शिवत होते. तो दारात बसून गिऱ्हाइकांना वादळाच्या गोष्टी सांगायचा."

मग तिनं विचारायला सुरुवात केली. होडी किती हात लांब? तळ चपटा की निमुळता? वारा कुठून येतो? एकाच बाजूनं येतो की फिरतो? माणसं किती बसतात? माल असतो का? तुला पोहता येतं का?

लखू वैतागला. "मला शीड पायजे बाय, सोयरीक न्हाई जुळवायची."

"मग पाणी दाखव. पाणी बघितल्याशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही."

"तुम्ही आमच्याकडं, जोयड्याला येणार? एका शिडासाठी?" लखूला हे भलतंच वाटलं. आणि खरं सांगायचं तर दुसरंच काहीतरी त्याच्या मनात अडकलं होतं. ते तोंडातून निघालंच. "बाईमाणसानं शिवलेल्या शिडावर भरवसा कसा ठेवायचा?"

यमुनानं पहिल्यांदा वर बघितलं. "अंगातला सदरा कुणी शिवला?"

"बायकोनं."

"मग तो काढ, इथं ठेव आणि उघडा जा घरी."

लखू सदऱ्यासकट घरी आला.

रामनगरच्या बाजारात वासू टेलर होता. त्याच्या दुकानात शाळेच्या गणवेशापासून नवरदेवाच्या सफारीपर्यंत सगळं मिळायचं, फक्त सांगितलेल्या दिवशी मिळायचं नाही. वासूनं एकही प्रश्न विचारला नाही. लखूला हे फार आवडलं.

"शीड म्हंजे काय वो अण्णा?" वासू गळ्यातली टेप झटकत म्हणाला. "कापडच न्हवं? पँटला दोन पाय असत्यात, ह्याला एकच काठी. उलट सोपं काम."

तरी लखूच्या मनातून ती बाई जाईना. मग त्यानं असा अवघड पेच पडल्यावर गावात जे करतात तेच केलं. तो गुणा गुरवाकडे गेला आणि देवाला कौल लावायचं ठरवलं. गावदेव तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये राहत होता. जुनं देऊळ धरणात गेलं त्या वेळी देवाला आपलं घर वाचवता आलं नव्हतं. पण दुसऱ्याच्या अडचणीत सल्ला द्यायचं त्यानं बंद केलं नव्हतं. गुणानं मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर वासू, डावी पडली तर कारवारची बाई.

बराच वेळ दोन्ही पाकळ्या ढिम्म. सुंदरी उभी राहून कंटाळली. मग गुणाला जोरात खोकला आला आणि उजवी पाकळी खाली पडली.

"देव बोलला का गुणा खोकला?" सुंदरीनं विचारलं.

"देव कुणाच्या तोंडानं बोलंल, सांगता येत न्हाई," गुणा गंभीरपणे म्हणाला. वासू हा गुणाच्या बहिणीचा जावई आहे, हे त्यानं त्या वेळी सांगितलं नाही. देवानंही नाही.

शीड दीड महिन्यानं मिळालं. निळं टेरिकॉट, शाळेच्या पँटचं. कडेनं बारीक शिलाई, कोपऱ्यांना काजं. वासूनं अभिमानानं ते दुकानाबाहेर पसरलं. "आत तीन बोटं कापड सोडलंय, पुढंमागं सैल करायला. आन् ह्यो बघा खिसा. विड्या-काडेपेटी ठिवायला."

लखू खूश झाला. असा खिसा कारवारच्या कुठल्याही शिडाला नसणार, एवढं त्याला नक्की माहीत होतं.

पहिल्या फेरीला गुणा गुरवच निघाला. पलीकडच्या वाडीत देवाला बोलावणं होतं, म्हणून देवाचा चांदीचा मुखवटा त्यानं धोतरात बांधून मांडीवर घेतला होता. काठावर बरीच माणसं जमली. लखूनं दोरी ओढली, निळं शीड वर चढलं, फडफडलं, फुगलं, आणि होडी खरंच चालायला लागली. लखूनं वल्ही आत घेतली. चार वर्षांत पहिल्यांदा त्याचे हात रिकामे होते. त्यांचं काय करायचं ते न कळून त्यानं शिडाच्या खिशातली विडी काढली.

पाण्याच्या मध्यावर दोन डोंगरांच्या खिंडीसमोर होडी आली आणि वारा एकदम आडवा आला. शीड मधल्या शिलाईवर वरपासून खालपर्यंत टर्रकन फाटलं. एक अर्धं गुणाच्या डोक्याभोवती गुंडाळलं, दुसरं अर्धं होडीला ओढत निघालं. होडी कलली, घमेलंभर पाणी आत आलं, मग दोन घमेली. लखूनं विडी टाकून वल्हं धरलं, पण खांद्यात कळ आली आणि वल्हं सुटून गेलं.

"सोड मला! सोड!" गुणा निळ्या कापडातून ओरडत होता. आपल्याला धरणारं साधं टेरिकॉट आहे, हे त्याला कळत नव्हतं.

नशिबानं तिथं बुडालेल्या जंगलातला एक सागवान अजून डोकं वर काढून उभा होता. होडी त्याला जाऊन आपटली. लखूनं खोडाला मिठी मारली, गुणानं लखूला मारली आणि मुखवटा दोघांच्या मध्ये चेपला. तिथून दोघंही हात हलवून जीव तोडून ओरडले. काठावरच्या माणसांना वाटलं, पोचल्याचा आनंद झालाय. त्यांनीही हात हलवले. थोड्या वेळानं सगळे जेवायला गेले.

सुंदरी मात्र गेली नाही. पोचलेला नवरा एवढा वेळ झाडाला मिठी मारून बसणार नाही, हे तिला माहीत होतं. शेजाऱ्याचा बांबूचा तराफा घेऊन ती बांबूनंच ढकलत, मग पुढं फळीनं पाणी ओढत दोन तासांनी तिथं पोचली.

"होडी मागं बांधा आन् बसा," ती म्हणाली. आणि गुणाकडं वळून, "भटजी, देवाला इचारा की. उजवीकडनं जाऊ का डावीकडनं?"

गुणाला त्या दिवशी खोकला आला नाही.

दुसऱ्या आठवड्यात फाटक्या शिडाचं गाठोडं काखेत मारून सुंदरी कारवारच्या बसमध्ये चढली. लखू मागून चढला. तिनं त्याला ये म्हटलं नव्हतं, येऊ नको असंही म्हटलं नव्हतं. यमुनाच्या घरापाशी तो ओसरीखालीच उभा राहिला, चपला हातात घेऊन.

यमुनानं गाठोडं सोडलं. शिलाईत बोट घातलं, ते पलीकडून निघालं. कडेला दोरी शोधली, नव्हती. खिसा सापडला तेव्हा तिनं तो उलटा करून बघितला, त्यातून ओली काडेपेटी पडली, आणि मग ती एवढी हसली की डोळे पुसायला पदर घ्यावा लागला.

"ह्या टेलरानं तुला काही विचारलं होतं?" तिनं ओसरीखाली बघून लखूला विचारलं.

"न्हाई."

"मग तिथंच उठायचं होतंस. सदऱ्याचं कापड पाठीवर राहतं, रे. वारा पाठीवर राहत नाही. त्याला कुठं धरायचा आन् कुठं सोडायचा, ते ज्याला माहीत नाही तो विचारणारच नाही."

"माझं चुकलं, बाय," तो चपलांकडं बघत म्हणाला. "त्या दिवशी बोललो ते."

"चुकलंच," यमुना म्हणाली आणि पिशवी भरायला आत गेली.

अणशीच्या घाटात ती तीनदा ओकली. वल्हवणाऱ्यांच्या घरात जन्मलेली बाई, समुद्रात कधी मळमळ नाही, आणि डोंगरांनी तिचा जीव काढला. उतरल्या उतरल्या तिनं डोंगरांना ज्या शिव्या दिल्या त्या जोयड्यात कुणी ऐकल्या नव्हत्या. सुंदरीनं दोन-तीन पाठ करून ठेवल्या.

दोन दिवस ती लखूकडून होडी वल्हवून घेत पाण्यावर फिरली आणि कोंबडीची पिसं सोडत राहिली. पीस कुठं जातं, कुठं गरकन वळतं, कुठं पडून राहतं, ते बघायची. काठावर माणसं बसून राहिली. कुणी म्हणालं, बाई करणी करतेय. खिंडीसमोर सोडलेलं पीस आधी सरळ गेलं, मग कुणीतरी झटका दिल्यासारखं खाली आलं.

"इथं वारा वरनं पडतो," यमुना म्हणाली. "मोठं शीड लावलंस तर उलटशील. लहान पाहिजे, बुटकं."

तिनं हातानं माप दाखवलं. लखूचं तोंड उतरलं. "एवढंसं? लोक हसतील."

"झाडाला मिठी मारलीस तेव्हा काय करत होते?"

शिवणकाम लखूच्या अंगणात नऊ दिवस चाललं. कारवारहून आणलेलं जाड सुती कापड, पट्टीवर पट्टी दुमडून दुहेरी शिलाई, कडेनं सगळीकडं दोरी आणि कोपऱ्यांना चार-चार थर. दाभण प्रत्येक टाक्याला चामड्याच्या पट्ट्यानं दाबून ती आरपार काढायची. लखू दोरीला मेण लावून द्यायचा. तिसऱ्या दिवशी त्यानं गुपचूप एक टाका ओढून बघितला. मग दोन्ही हातांनी ओढला. टाका हलला नाही, पण यमुनानं दाभणाची मागची बाजू त्याच्या बोटांवर मारली. शेवटी पडलेल्या ऐनाच्या झाडाची साल कढईत उकळून तिनं शीड त्यात बुडवलं. ते गेरूसारखं लालसर तपकिरी झालं. बुरशी धरत नाही, म्हणाली. दिसायला ते अगदीच कळकट होतं.

निघायच्या दिवशी गुणा गुरव पाकळ्या घेऊन आला. "एकदा कौल लावून बघूया?"

"देवाला पोहता येतं का, ते विचार आधी," यमुना म्हणाली.

गुणा रागावला, पण होडीतून यायला त्यानं नकार दिला, तो मुखवट्याच्या काळजीनं, असं त्याचं म्हणणं.

लखूनं सुकाणू धरलं, यमुना मध्ये, सुंदरी पुढं. बुटकं शीड फुगलं आणि होडी निघाली. झेप अशी नाहीच, बैलगाडी उताराला लागल्यासारखी. खिंड जवळ आली तसं लखूनं सुकाणू दोन्ही हातांनी आवळून धरलं. वारा आडवा आला. लखूनं सुकाणू कचकन ओढलं, होडी तिरकी झाली.

"तू बैलाचा कासरा ओढतोस!" यमुना ओरडली. "हाताला कळू दे, मग ओढ! ऊठ तिथनं!"

दुसरा वारा आला, पुन्हा तेच. तेव्हा यमुनानं त्याला बखोटीला धरून उठवलं आणि सुंदरीला बसवलं. सुंदरीनं आयुष्यात सुकाणू धरलं नव्हतं. तिनं ते धरलं, थोडा वेळ काहीच केलं नाही, नुसती शिडाकडं बघत राहिली. वारा पडला तसं तिनं ते चार बोटं सोडलं, होडी हलकेच वळली आणि सरळ झाली. शिडानं कुरकुर केली, दोरी ताणली, शिलाई धरून राहिली.

"अक्का, असंच ना?" सुंदरीनं विचारलं.

"असंच. ह्याला आता पुढं बसव, वजन म्हणून."

लखू पुढं जाऊन बसला. पहिल्यांदा त्यानं तोंड फुगवलं. मग पलीकडचा काठ दिसायला लागला, त्याचं शेत, बांधावरचा फणस, आणि चार वर्षांत कधी न पाहिलेली गोष्ट, ते सगळं तोंडासमोरून जवळ येत होतं. वल्ही मारताना त्याची पाठ नेहमी शेताकडं असायची. त्यानं खांदा हळूच फिरवून बघितला. मग पाय लांब केले.

"जरा डावीकडं घे गं," तो मागं न बघता म्हणाला, "तिथं दगड हाय."

सुंदरीनं डावीकडं घेतलं.