कायमचं बंद

“काका, फोनवर आपण कायमचे बंद आहोत.” ताईने मोबाइल काउंटरवर ठेवला. “स्टेशनजवळचं हॉटेल शोधलं की समोरचं येतं, त्याच्या पलीकडचं येतं. आपलं मुद्दाम नाव घालून काढलं, तर खाली लाल अक्षरांत हे!”

मॅनेजरकाकांनी वाकून पाहिले. मालकीणबाई, म्हणजे ताईची आई, वारल्या त्या दिवशी बुकिंगचे फोन थांबत नव्हते, म्हणून काकांनीच मोबाइलच्या नकाशावरच्या नोंदीत हॉटेल बंद दाखवले होते. ‘तात्पुरते’ आणि ‘कायमचे’ असे दोन पर्याय एकाखाली एक होते. बोट खालच्यावर पडले असणार.

“मला वाटलं, सीझनच मंदा आहे,” ते म्हणाले.

“वाटलं म्हणे!” खोल्या आवरणाऱ्या मावशी चादरींचा गठ्ठा घेऊन जाता जाता बोलल्या. “उशा झटकून माझे हात गेले, आणि डोकं टेकायला माणूस नाही.”

ताई हसली नाही. आईच्या मागे हॉटेल तिच्याकडे आले होते आणि गोदामासाठी इमारत मागणाऱ्याला महिनाअखेर उत्तर हवे होते.

नोंद पुन्हा सुरू करायची तर नकाशावाल्या कंपनीला व्हिडिओ पाठवायचा होता. त्यात रस्ता, पाटी, दार दाखवायचे होते, आणि कारभार आपलाच आहे हे पटावे म्हणून एखादे कुलूप उघडतानाही. सगळे सलग, मध्ये न थांबता.

“पुढच्या दाराला कुलूप लावा, म्हणजे उघडता येईल.”

“त्याला कुलूप कुठलं, ताई? हॉटेल कधी बंदच नसतं.”

“मग एखादी खोली उघडा.”

मावशींनी सगळ्या खोल्या वाऱ्यासाठी सताड उघड्या टाकल्या होत्या. बंद एकच होती. काका क्षणभर घुटमळले. “बरं,” ते म्हणाले.

ताई रस्त्यापासून चित्रण करत आली. पाटी, पायऱ्या, काउंटर. पुढे चालणारे काका एक नंबरपाशी थांबले आणि त्यांनी खिशातून किल्ली काढली. तळमजल्यावरची ही एकच खोली. बाई तिथेच राहत.

कुलूप दुसऱ्या हिसक्याला उघडले. खुर्चीच्या पाठीवर करडा स्वेटर, खिडकीत चष्म्याचे घर. ताईचे पाऊल उंबऱ्यावर अडले. पण थांबायचे नव्हते. तिने मोबाइल खोलीभर फिरवला आणि मगच बंद केला.

“हे सगळं असंच होतं?”

“मी काही हलवलं नाही.”

आठवड्याभरात लाल अक्षरे गेली. एका संध्याकाळी मोबाइलमध्ये बघत बघत एक माणूस आत आला. मागे त्याची आई, काठी टेकत.

“खालची खोली मिळेल? आईला जिना जमत नाही.”

काकांनी ताईकडे पाहिले. ताई फरशीकडे बघत होती.

“मावशी,” ती म्हणाली, “एक नंबर आवरा. आईचं सामान माझ्याकडे ठेवा.”

मावशींनी स्वेटरची घडी घातली आणि तिच्यावर चष्म्याचे घर ठेवले.

सकाळी म्हातारीने किल्ली काउंटरवर ठेवली. “छान झोप लागली हो. खिडकीतून वारा येतो.”

“येतो,” काका म्हणाले.

आत ताई फोनवर कोणाला तरी सांगत होती, “नाही, गोदाम नको. आमचं चालू आहे.”

काकांनी किल्ली उचलली. हात सवयीने खिशाकडे गेला. मग ते मागे वळले आणि त्यांनी ती किल्ल्यांच्या फळीवर, एक नंबरच्या खिळ्याला लावली.